कोरड्या मुलखातला दर्या

जळगावात बसून समुद्राची गाणी ऐकायची, हा प्रकार तसा गमतीचाच. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पावसाळ्यात फुगलेल्या तापीचं. माझं आजोळ भुसावळला, तापीच्या जवळ. घरात बोलणं उर्दू, तेही खानदेशी वळणाचं. आणि उर्दूत दरिया म्हणजे नदी! त्यामुळे सात-आठ वर्षांचा असताना रेडिओवर शाहीर विठ्ठल उमपांचं कोळीगीत लागलं आणि त्यात होडी, वादळ, दर्या असं सगळं आलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपल्या तापीवरच गातोय. पुढे बरीच वर्षं माझी ती समजूत कोणी मोडली नाही.

आवाज मात्र तेव्हापासून कानात बसला. लांबच्या होडीतल्या माणसाला हाक मारावी, तसा तो आवाज. कोळीगीताचा ठेका हा वल्ह्याचा ठेका. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मागच्यांनी उचलली नाही, तर गाणं जागचं हलत नाही. अब्बा केळीच्या वखारीत कामाला होते. ट्रकमध्ये घड भरताना हमाल एकमेकांना अशीच हाळी देत. ते गाणं मला परकं वाटलं नाही, ते त्यामुळेही असेल.

बी. ए. ला असताना कळलं, की उमप कोळी नव्हेत. जन्म १९३१ चा, मुंबईतल्या नायगावचा. आंबेडकरी चळवळीच्या गाण्यांनी घडलेला हा गळा. कोळीगीतं, भारूड, गोंधळ, पोवाडा, सगळंच त्यांनी गायलं. पण कोळ्यांची गाणी ते अशी गात, की ऐकणाऱ्याने त्यांना कोळीवाड्यातलाच समजावं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. का, ते सांगतो.

मी मराठीत कविता लिहितो. एका कविसंमेलनात, नाव-गाव सोडून द्या, सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, ‘मुसलमान असूनही हे किती शुद्ध मराठी लिहितात!’ टाळ्या पडल्या. त्या ‘असूनही’वर मी त्या रात्री कविता नीट म्हणू शकलो नाही. बसने परत येताना उमप आठवले. या माणसाला कोणी विचारलं असेल का, की तुम्ही कोळी नसूनही समुद्राची गाणी कशी गाता? विचारलंही असेल. त्यांनी बहुतेक पुढचं गाणं सुरू केलं असेल.

मग मी त्या गाण्यांतले शब्दच तपासायला बसलो. दर्या फारसी. बंदर फारसी. नाखवा हा फारसी नाखुदाचा मराठी अवतार. खलाशीही त्याच वाटेने आलेला. म्हणजे कोळणीच्या तोंडी जे शब्द अगदी घरचे, ते कधीतरी गलबतांतून आले, किनाऱ्याला लागले आणि इथलेच झाले. त्यांना ‘असूनही’ कोणी म्हणत नाही.

उमपांनी हे गाणं घरात रुजवलं, ही मला त्यांची मोठी मिळकत वाटते. ‘जांभूळ आख्यान’ मी एकदाच पाहिलं, मुंबईत. द्रौपदीच्या मनातला कर्ण ते अशा काही नजाकतीने उलगडत, की वय, दाढी, काही आठवत नसे. पण माझं लक्ष मागे साथीला उभ्या असलेल्या मुलांकडे होतं. बापाने ओळ टाकली, की मुलगा उचलतो. पुन्हा तेच वल्हं! आपल्या बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी आईची गाणी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं. तिथे कागदाने वाचवलं. उमपांकडे गळ्याने गळ्याला दिलं. नंदेश आणि संदेश उमप यांनी तो वारसा घेतला. कागदावर चाल उतरत नाही, हे आम्हा कवींना जरा उशिरा कळतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला, दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असतानाच ते मंचावर कोसळले आणि गेले. दर्याची गाणी गाणारा माणूस समुद्रापासून इतक्या दूर गेला, असं बातमी वाचताना मनात आलं. पण ती भूमी त्यांना परकी नव्हती. त्यांची प्रत्यक्ष भेट मात्र माझ्याकडून राहूनच गेली.

नंतर एकदा अम्मीला डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईला नेलं होतं. तपासणी झाल्यावर गिरगाव चौपाटीवर घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिने समुद्र पाहिला. मी म्हटलं, ‘अम्मी, रेडिओवर ते दर्याचं गाणं लागायचं ना, तो हा.’

तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘ये तो समंदर है, बेटा. दरिया तो अपनी तापी.’