रान आपलं, नोंदही आपली
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



गावाची जैवविविधता नोंदवही म्हटलं की तुम्ही म्हणता, "ते शिकलेल्यांचं काम." पण जीवशास्त्राचे अभ्यासक पावसाळ्यात सह्याद्रीत येऊन करतात काय? रान तुडवतात आणि काय, कुठे, कधी उगवलं ते लिहून ठेवतात. पहिल्या पावसाला शेवळं कुठं फुटतात, घसा खवखवू नये म्हणून त्यात काकडं घालायची, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. फक्त वहीत नाही.

त्रास आहे, लपवत नाही. अंग भिजतं, शाई पसरते. म्हणून पेन्सिल घ्या. आडोशाला जायची पंचाईत होते. म्हणून तिघी-चौघी मिळून जा. जळू लागली तर ओढू नका, नखाने बाजूला सरकवा आणि जखम धुवा. ती रक्त गोठू देत नाही, म्हणून थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. फुरसं, घोणस पाचोळ्यात दिसत नाहीत. आधी काठी फिरवा, मग हात घाला. साप चावलाच तर मांत्रिक नको, थेट दवाखाना. रानातून आल्यावर पंधरवड्यात ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर "मी रानात गेले होते" हे डॉक्टरांना सांगाच. स्क्रब टायफस असू शकतो. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

आणि सुख? मृगाच्या तोंडावर काजव्यांनी पेटलेलं झाड. सात वर्षांनी फुललेली कारवी. एखादी आजी सांगते, "थोरलीच्या वेळी पोटुशी होते तेव्हा कारवी फुललेली." बायांनो, हीसुद्धा नोंदच आहे! थोरलीचं जन्मसाल काढा की कारवीचं साल मिळालं. आजी गेली की ते साल कुणाला विचारणार?

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत समिती असते, तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. व्यापारासाठी आपल्या हद्दीतून वनस्पती नेणाऱ्यांकडून ही समिती शुल्क घेऊ शकते. आपल्या गावच्या समितीत कोण बायका आहेत, त्या रानात जाणाऱ्या आहेत का, हे ग्रामसभेत विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पाच वनस्पती लिहून आणा: नाव, जागा, महिना, उपयोग. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील. औषधाचं गुपित मात्र सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय वहीत घालू नका.