शेवटची वाटी
(जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या बदनापूरला कडधान्यांचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन ७११ ही तूर इथलीच. शिवारात तूर, मूग, उडीद, सोयाबीन पिकतं. खुरपणी आपण करतो, सोंगणी आपण करतो. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पिकवणारीच्या ताटात काय पडतं, ते आज बघू.

पुस्तकात लिहितात, १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं. पण ती कोरडी डाळ. शिजताना दाणा पाणी पितो, वजन वाढतं. म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या तुरीत किंवा मुगात साधारण ७ ग्रॅमच येतात. चवळीत ८, हरभरा-मसुरीत ९, सोयाबीनमध्ये १७-१८. म्हणजे सगळ्यांत ताकदीचं सोयाबीन आपण पोत्यात भरून आडतीवर घालतो! घरी थोडं ठेवा. रात्रभर भिजवा, पाणी फेका, चांगलं मऊ शिजवा. कच्चट राहिलं तर पचत नाही.

आता माझ्या घरचं सांगते. माणसं पाच, डाळ मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम. त्यात प्रथिनं ११ ग्रॅम. पाणी कितीही ओता, ११ ची १२ होत नाहीत. वाटणीला दोन-सव्वादोन ग्रॅम. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला लागतात ४६. सगळे जेवल्यावर मी पातेलं विसळून ते पाणी भाकरीवर घ्यायची. त्याला मी ‘भागवणं’ म्हणायची. ती उपासमार होती.

भाकरी पोट भरते, प्रथिनंही देते. पण ज्वारीत जे उणं, ते डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ हवी. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको.

पण नुसत्या पाककृतीनं प्रश्न सुटत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनवर धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. तो मागायला हवा. आणि घरात? वाढण्याआधी पाच वाट्या मांडा, पाचवी आपली. सासूबाई काय म्हणतील, ही भीती मलाही होती. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी वाटी भरली. त्याही जन्मभर शेवटीच जेवल्या होत्या.