फोटोमागचे नाव



परवा नव्वदीतल्या आत्याबाईंना भेटायला गेलो. त्यांनी ट्रंकेतून जुने फोटो काढले. एका फोटोत १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका आपल्या देवळापुढे बसलेल्या. आत्याबाई एकेकीवर बोट ठेवून नाव सांगत होत्या. कडेच्या बाईपाशी बोट थांबले. "सुकडी संपली तवा हिनं मला अर्धी भाकर दिली. नाव मातुर आठवंना," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

देणगीदारांची नावे आज फरशीवर कोरली, हे योग्यच झाले. हा फोटो मी सोबत आणला आहे. वडीलधाऱ्यांनी पाहावा, ओळख पटल्यास नाव सांगावे. आपापल्या घरच्या फोटोंमागेही शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवा.