इंजिनियरला क्रिकेटमधलं काय कळतं?



बोरिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये क्रिकेटवर मत असायला पासाशिवाय दुसरी कसलीही पात्रता लागत नाही. बँकेतला माणूस निवड समितीला सल्ला देतो, वकील फलंदाजाचा पाय कुठे पडायला हवा होता ते सांगतो, आणि चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला गृहस्थ, ज्याने जन्मात टेनिसच्या चेंडूपलीकडे काही हातात धरलं नाही, तो खेळपट्टीवर बोलतो. कोणी कोणाला अडवत नाही. अडवतात ते फक्त गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेल्या तरुणाला. तो मध्येच काही बोलला की कोणीतरी म्हणतं, "तू इंजिनियर ना रे? तू कॉम्प्युटरचं सांग. क्रिकेट राहू दे."

मी कवी, बी. ए. झालेला. गणिताशी माझं दहावीनंतर बोलणं नाही. इंजिनियरांची वकिली करायला मी योग्य माणूस नव्हे. पण साचे मला लांबूनही ओळखता येतात, कारण एका साच्यात मला अनेकदा बसवलं गेलं आहे. ते पुढे सांगतो.

इंजिनियरविषयीचा हा साचा दोन पदरी आहे. पहिला पदर असा, की तो पुस्तकी किडा. मैदानाकडे त्याची नेहमी पाठ. दुसरा पदर जरा सूक्ष्म. त्याला खेळ कळतो, पण आकड्यांत कळतो. सरासरी सांगेल, रस त्याला कळत नाही. हे दुसरं आम्हा कवी मंडळींना फार आवडतं. रसावर आमचीच मक्तेदारी, अशी आमची समजूत असते.

आता जरा वस्तुस्थिती पाहू. एरापल्ली प्रसन्ना जानेवारी १९६२मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले. त्याच वर्षी वेस्ट इंडिजचा दौरा. दौऱ्याहून परतल्यावर इंजिनियरिंग पूर्ण करायचं, असा वडिलांना शब्द दिलेला. वडील गेले, पण शब्द राहिला. प्रसन्ना पुढची कसोटी खेळले ती थेट जानेवारी १९६७मध्ये. फिरकी गोलंदाजाच्या ऐन उमेदीची पाच वर्षं पदवीने घेतली, तरी त्यांनी १८९ बळी मिळवले. वेंकटराघवन इंजिनियर, त्यांचे १५६. अनिल कुंबळे मेकॅनिकल इंजिनियर, ६१९. अश्विन माहिती तंत्रज्ञानाचा पदवीधर, ५३७. चौघा फिरकीवाल्यांचे मिळून १५०१ कसोटी बळी. बेरीज मी स्वतः केली आहे, कोणा इंजिनियरने एकदा तपासून घ्यावी.

पदवीमुळे चेंडू वळतो, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर अंधेरीतल्या दर दुसऱ्या घरातून एक प्रसन्ना निघाला असता. आणि इंजिनियर म्हणजे हिशोबी, हेही टिकत नाही. कृष्णम्माचारी श्रीकांत हे इलेक्ट्रिकल इंजिनियर. १९८३च्या अंतिम सामन्यात, लॉर्ड्सवर, अँडी रॉबर्ट्स आणि होल्डिंगसमोर त्यांनी ३८ धावा केल्या. दोन्ही संघांत त्या सर्वाधिक ठरल्या. त्यांची फलंदाजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिच्यात हिशोब कुठे होता ते मला दाखवावं.

खेळणं वेगळं, कळणं वेगळं, असं कोणी म्हणेल. मग हर्षा भोगले घ्या. केमिकल इंजिनियर. कसोटी खेळाडू नसलेल्या या माणसाच्या समालोचनातून एका पिढीने क्रिकेट ऐकायला शिकून घेतलं. वेंकटराघवन पुढे पंच झाले, जवागल श्रीनाथ सामनाधिकारी, हेही इंजिनियरच. पावसाने सामना अडला की धावांचं लक्ष्य कसं बदलायचं, यावर डकवर्थ-लुईसला पर्यायी पद्धत काढणारे व्ही. जयदेवन हे केरळचे सिव्हिल इंजिनियर. काही देशी स्पर्धांत ती वापरलीही गेली.

आणि आपल्या उपनगरातला सौरभ नेत्रावळकर. अंधेरी पश्चिमेला भवन्सच्या आवारात सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिथला हा कॉम्प्युटर इंजिनियर, डावखुरा मध्यमगती गोलंदाज. २०१०च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला, के. एल. राहुल, जयदेव उनाडकट त्याच संघात. २०१३मध्ये मुंबईकडून त्याला रणजी सामना मिळाला. एकच. मग २०१५मध्ये तो एम. एस. करायला अमेरिकेत कॉर्नेलला गेला. खेळाडूंच्या कामगिरीचं विश्लेषण करणारं एक अ‍ॅप त्याने तयार केलं होतं. त्याच्या प्रवेशाच्या वेळी त्याची बरीच मदत झाली, असं त्याने सांगितलं आहे. म्हणजे जिथे मैदान संपलं असं वाटलं, तिथे खेळातलं कळणंच उपयोगी पडलं. पुढे ऑरॅकलमध्ये नोकरी, आणि नोकरी सांभाळून अमेरिकेच्या संघाचं काही काळ कर्णधारपद.

६ जून २०२४. डॅलसमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकात अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. दोघांच्याही १५९ धावा. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८. चेंडू नेत्रावळकरच्या हातात. त्याने १३ दिल्या आणि सामना संपवला. पाकिस्तानची मॅच असली की दरवेळी मला कोणीतरी हसत हसत एक प्रश्न विचारतं. कुठला, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या रात्री आमची अख्खी सोसायटीच अमेरिकेच्या बाजूने होती, त्यामुळे मला कोणी काही विचारलं नाही.

सहा दिवसांनी, १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये समोर भारत. नेत्रावळकरने कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं आणि मग बोरिवलीच्या रोहितला ३ धावांवर. रोहितचा झेल घेतला तो मुंबईच्याच हरमीत सिंगने. भारत जिंकला, त्यामुळे सगळ्यांना दिलदार होता आलं. "आपलाच पोरगा!" दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता. पण त्याचबरोबर, "इंजिनियर असून!" हेही प्रत्येकाच्या तोंडी होतं.

या "असून"वर माझं लक्ष जातं. कारण माझ्या वाट्यालाही तो येतो. मुसलमान असून मराठीत कविता लिहिता? अगदी प्रेमाने विचारतात, हार घालून विचारतात. चारशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत रचना केली, अमर शेखांचा आवाज अवघ्या महाराष्ट्राने ऐकला, तरी "असून" काही संपत नाही. आधी माणूस कोण ते ठरवायचं आणि मग त्याला काय कळायला हवं ते आपणच ठरवून टाकायचं.

माझं ठीक आहे, मी पन्नाशी ओलांडली. पण इंजिनियरविषयीच्या या साच्याची किंमत पोरं मोजतात. आठवी-नववीपर्यंत आपल्या उपनगरांतून किती मुलं खांद्यावर किट घेऊन पहाटेच्या गाडीने आझाद मैदानाकडे जातात! दहावी आली की किट माळ्यावर जातं. आईवडिलांना मी दोष देत नाही. मुंबईच्या संघात जागा अकरा आणि दारात उभी असलेली मुलं हजारो. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पूर्वी चांगल्या खेळणाऱ्याला कंपन्या, बँका नोकरीत घेत. गावस्कर निरलॉनमध्ये होते, वाडेकर स्टेट बँकेत. आता तसा भरवसा कोण देणार? तेव्हा खेळणं सुटतं, हे समजू शकतं. पण क्लासच्या धाकाने खेळ पाहणं, त्यावर भांडणं, त्याचा विचार करणंही सोडायला लावतो. ज्याला खेळातलं काही कळत नाही असा इंजिनियर आपणच चार वर्षं खपून घडवतो, आणि मग लोकलमध्ये त्याला हसतो.

आमच्या इमारतीत असाच एक मुलगा आहे. डावखुरा फिरकी गोलंदाज होता. आता अकरावीत, इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. परवा लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही जिन्यात थांबलो. मी सहज विचारलं, कांगा लीग भर पावसात खेळवण्यात काय शहाणपण? त्याने माझ्याच हातातलं विजेचं बिल घेतलं, उलटं केलं, भिंतीला लावलं आणि आकृती काढायला लागला. "हे बघा काका, ओल्या खेळपट्टीवर चेंडू पडला की आधी थांबतो, मग वळतो. फलंदाज बॅट लवकर पुढे आणतो, तिथेच फसतो. ज्याला हे खेळता आलं, त्याला कुठेही खेळता येतं." मग त्याने टप्पा कुठे हवा तिथे एक ठिपका दिला. दुसरा ठिपका देणार, इतक्यात वरून आईची हाक आली, क्लासला उशीर होतोय. बिल माझ्याकडे देऊन तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला.