शाळा संपली, पुढे काय?



श्रींच्या उत्सवात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, तो उचितच आहे. परंतु जेमतेम उत्तीर्ण झालेला मुलगा त्या वेळी सभामंडपात खांबाआड उभा असतो. त्याची चिंता कोणी वाहावी?

हाताला विद्या मिळावी म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. पुढे स्वतंत्र भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने काम शिकता शिकता विद्यावेतनाची सोय झाली. तरीही कारखान्याच्या अनोळखी दारापर्यंत मुलाला नेण्यास ओळखीचे माणूस लागते. ज्या महाजनांचे कारखाने, दुकाने वा कचेऱ्या आहेत, त्यांनी प्रतिवर्षी एकेक मुलगा वा मुलगी काम शिकण्यास घ्यावी. ती सेवाही श्रीचरणी रुजू होईल.