रक्तदाब, मीठ आणि खारपाणपट्टा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१९३० साली वऱ्हाडात मिठाचा कायदा मोडण्याचे ठरले, तेव्हा समुद्र शेकडो मैल दूर होता. ही अडचण अकोला जिल्ह्यातील दहीहंडा गावच्या खाऱ्या पाण्याने दूर केली. विहिरीचे पाणी आटवून लोकांनी मीठ काढले आणि सरकारला आव्हान दिले. स्वातंत्र्याच्या इतिहासात या घटनेची नोंद अभिमानाने होते. परंतु ज्या पाण्यातून मीठ काढता येते, तेच पाणी त्या मुलखातील माणसांना प्यावे लागत होते, ही तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा अमरावती आणि अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात उतरतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. तेथील रक्तदाबाचा विचार पाण्याला वगळून करता येणार नाही, हे आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा; ते सैल होते तेव्हाचा दाब हा खालचा. १२०/८० च्या आसपासचा दाब सर्वसाधारण मानतात. निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर तो उच्च रक्तदाब होय. एकदाच मोजून निदान करू नये. धावत आलेल्या किंवा धास्तावलेल्या माणसाचा दाब वाढलेलाच असतो. पाच मिनिटे शांत बसवून, हाताला आधार देऊन, दोनदा मोजावे.

या विकाराचा कपटीपणा असा की, तो दुखत नाही. वर्षानुवर्षे कसलेही लक्षण नसते आणि एके दिवशी पक्षाघात होतो, हृदय दगा देते किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळते. दुखत नाही म्हणून माणूस तपासत नाही. बरे वाटते म्हणून गोळी सोडतो. बरे वाटते ते गोळीमुळेच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता मिठाकडे वळू. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते आणि जादा सोडियम बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना अधिक दाबाने काम करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, ही मर्यादा सांगितली आहे. एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि उन्हात राबणारी मजूर स्त्री दिवसाला चार लिटर पाणी पीत असेल, तर तिची मर्यादा भाकरीचा तुकडा मोडण्यापूर्वीच संपते. काही भाग घामावाटे जातो हे खरे; पण तिला “मीठ कमी खा” असे सांगणाऱ्या डॉक्टरला तिच्या घागरीत काय आहे याची कल्पना नसते.

बांगलादेशाच्या खारट किनारपट्टीत, खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात, गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला. खारे पाणी पिण्याचा आणि गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध त्यात दिसून आला. त्याच देशातील पुढच्या संशोधनाने एक सावधगिरीही शिकवली. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम दाब कमी करण्यास साहाय्य करू शकतात. तेव्हा “पाणी खारे आहे” एवढ्या नोंदीवर भागणार नाही. एकूण क्षारांबरोबर सोडियम किती, हे गावोगाव स्वतंत्र मोजले पाहिजे.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले गेले आहे. सारा दोष पाण्याच्या माथी मारण्याची घाई करू नये. तथापि उच्च रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडते आणि मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब वाढतो, हे दुष्टचक्र निर्विवाद आहे. त्यात भर पडते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. दिवसभर वाकून निंदणी केलेली बाई रात्री दुकानातली गोळी घेते आणि सकाळी पुन्हा शेतावर जाते. अशा बहुतेक गोळ्या रोज घेतल्यास दाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. ती गोळी म्हणजे अपुऱ्या विश्रांतीची किंमत होय.

कमी रक्तदाबाची कथा निराळी आहे. दाब ९०/६० च्या खाली असूनही त्रास नसेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते. अतिसार, रक्तस्राव किंवा उष्माघाताने दाब एकाएकी उतरला तर मात्र ती आणीबाणी असते. तेथे सलाईन प्राण वाचवते. परंतु खेड्यात “बीपी लो झाला” म्हणून ज्या स्त्रियांना सलाईन लावतात, त्यांपैकी कितीतरी जणींचे खरे दुखणे रक्तक्षय आणि अर्धपोट जेवण हे असते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकी पाणी. अशक्तपणावर ते औषध नव्हे. मजुरीवर मात्र तो डल्ला आहे. वैशाखात आणखी एक काळजी घ्यावी. दाबाची गोळी घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊ लागली, तर गोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे, परस्पर बदलू नये.

उपचार महाग नाहीत. अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळावयास हवीत. महाग पडते ती खेप: बुडालेला रोज, एसटीचे भाडे, आणि “औषध संपले, पुढच्या आठवड्यात या” हे उत्तर. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली जाहीर झाला. महाराष्ट्रात तो प्रथम भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सुरू झाला. मोजकी औषधे, ठरलेली उपचारपद्धती, महिन्याचा साठा घराजवळच्या केंद्रात आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, अशी त्याची साधी रचना आहे. हंगामात पोटासाठी गाव सोडणाऱ्याला अधिक दिवसांचे औषध आणि नोंदीचे कार्ड सोबत देणे, ही तिला घालावयाची जोड होय.

कार्यकर्त्यांनी काय करावे? ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा आणि त्यात सोडियमचा आकडा आहे की नाही ते पाहावे. वान धरणावरून या दोन तालुक्यांसाठी आखलेल्या १४० गावांच्या योजनेचे पाणी शेवटच्या घरापर्यंत, नियमितपणे पोहोचते काय, याची गाववार नोंद ठेवावी. उपकेंद्रात तिशीपुढील प्रत्येकाचा दाब मोजला जावा आणि औषध महिनाभराचे मिळावे, असा आग्रह धरावा. खर्रा आणि दारू सोडण्याचा उपदेश अवश्य करावा; पण तो करण्याचा अधिकार गोड्या पाण्यासाठी झगडणाऱ्यालाच पोहोचतो.

ज्या पट्ट्याने एके काळी मीठ पिकवून कायदा मोडला, त्या पट्ट्याला आता मीठ नसलेले पाणी मागावे लागत आहे. ती मागणी दयेची नाही, हक्काची आहे.