मुलाच्या कागदावर आपला हात नको
(नागापूर येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



रविवारच्या चित्रवर्गाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकर्त्यांची इच्छा आहे. मी जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला मास्तर. तेव्हा आधी माझी एक चूक सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गाला मी ‘माझे घर’ हा विषय दिला. एका मुलाने भिंतीतून आतले सगळे दिसेल असे घर काढले. वर भला मोठा सूर्य, आणि आत बाप झोपलेला. मी म्हणालो, “अरे, एवढ्या उन्हाचं कोणी झोपतं का?” खोडरबराने बाप पुसला आणि तिथे माझ्या हाताने सुबक खिडकी काढून दिली. मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, पप्पांची रात्रपाळी आहे.” एमआयडीसीच्या या गावात राहून मला ते सुचू नये! पुढे वर्षभर तो मुलगा कागद माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, “तुम्हीच काढा.”

भिंतीतून आतले दिसणे हीही त्याची चूक नव्हती. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांचे टप्पे मांडले आहेत. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोट्या. मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस. सातव्या वर्षाच्या सुमारास जमिनीची रेघ येते आणि घरे आरपार दिसू लागतात. मूल डोळ्यांपुढचे काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढते. आपल्यापैकी अनेकांनी अजिंठा पाहिला असेल. सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाच्या चित्रात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा येतो. तिथे आपण मान डोलावतो. घरी पोराने एका कागदावर आई दोनदा काढली, चुलीपाशी आणि नळावर, तर विचारतो, “दोन आया कशा रे?”

कायद्याकडे पाहाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला, पट शंभरावर असेल तर, कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीला तशी तरतूद नाही. म्हणजे हात घडण्याच्या वयात वर्गशिक्षक, नाहीतर तुम्ही-आम्ही. एलिमेंटरी ग्रेडच्या परीक्षेची घाई या वयात कशाला? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, हे गिरवायला लावणे तर बंदच करा. ते चित्र कोणत्याच मुलाचे नसते.

सामानाला फारसा पैसा लागत नाही. पाठकोरे कागद, कंपन्यांतून टाकून दिलेले कोरे पुठ्ठे, कोळसा, मेणाचे खडू. गेरू आणि हळद डिंकाच्या पाण्यात कालवली की रंग झाला. बाभळीची काडी ठेचली की कुंचला. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे पाहायला मुले जीव टाकतात. पण चुना डोळ्यांना घातक, तो मोठ्यांनीच हाताळावा. कारखान्यातला ऑइलपेंट आणि थिनर घरून आणू नका, कितीही फुकट मिळो. कागद मात्र मोठा द्या. लहान मुलाचा हात खांद्यापासून फिरतो, वहीच्या चौकटीत तो आखडतो.

आणि चित्र झाले की “हे काय आहे?” असे दरडावून विचारू नका. “सांग बरं, इथे काय चाललंय?” असे विचारा, मग गप्प बसा. गप्प बसणे मला पंचवीस वर्षांत जमले नाही, तुम्हाला लवकर जमो.

नंबर काढायचे नाहीत, बक्षिसे नाहीत. सगळी चित्रे सभागृहाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू. तुम्हाला वाकून पाहावी लागतील. येत्या रविवारी सकाळी येताना प्रत्येक घरातून एक पुठ्ठा आणा. ज्यांची रात्रपाळी असेल त्यांनी झोप मोडून येऊ नये, मुलाला शेजाऱ्यांबरोबर पाठवावे.